अमेरिकेत युनिव्हर्सिटी अपार्टमेंट कसं मिळवायचं: पात्रता, कागदपत्रं, अर्ज आणि चावी मिळाल्यावरची कामं

मार्च-एप्रिलमध्ये ॲडमिशनची मेल आली की घरात सगळे आधी लोन आणि व्हिसाच्या मागे लागतात, आणि तिकडे राहायचं कुठे हा प्रश्न जुलैपर्यंत तसाच पडून राहतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की युनिव्हर्सिटी अपार्टमेंटचा अर्ज व्हिसाच्या आधी भरा. तो भरायला साधारणपणे व्हिसा लागतच नाही, ॲडमिशन स्वीकारल्यावर जो स्टुडंट आयडी आणि लॉगिन मिळतं त्यावर हाउसिंगचं पोर्टल उघडतं, आणि बऱ्याच ठिकाणी नंबर लागतो तो अर्जाच्या तारखेवर. मी आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) हातात आल्यावर बघू म्हणून थांबलो आणि वेटलिस्टवर इतका मागे गेलो की पहिलं सेमिस्टर कॅम्पसपासून लांब, चौघांत एका बेडरूमच्या घरात काढलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी डॉर्म आणि अपार्टमेंट यात गोंधळ नको. डॉर्म म्हणजे आपल्याकडच्या हॉस्टेलसारखं, खोली, कॉमन बाथरूम आणि बरेचदा सक्तीचा मील प्लॅन. अपार्टमेंट म्हणजे स्वतःचं किचन आणि बाथरूम असलेलं अख्खं घर, फक्त घरमालक म्हणजे युनिव्हर्सिटी. टेक्सास युनिव्हर्सिटीची ऑस्टिनमधली गेटवे, ब्रॅकनरिज आणि कोलोरॅडो, इलिनॉय युनिव्हर्सिटीचं अर्बाना-शॅम्पेनमधलं ऑर्चर्ड डाउन्स, मिशिगन युनिव्हर्सिटीचं ॲन आर्बरमधलं नॉर्थवुड, ही अशीच घरं. बर्कलीचं युनिव्हर्सिटी व्हिलेज शेजारच्या ऑल्बनी गावात आहे आणि ते मुख्यतः संसार असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. बाहेरचा घरमालक सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) मागतो, क्रेडिट हिस्टरी म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद बघतो, नाहीतर अमेरिकेत कमावणारा को-सायनर म्हणजे जामीनदार आणा म्हणतो, आणि भारतातून नुकत्याच आलेल्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. युनिव्हर्सिटी शक्यतो हे मागत नाही, सगळ्यात मोठा फायदा हाच. शिवाय वीज, पाणी, इंटरनेट बरेचदा भाड्यातच धरलेलं असतं, त्यामुळे बाहेरच्या भाड्याशी तुलना करताना ते पैसे धरूनच करा.

पात्रतेत पहिली अट म्हणजे तुम्ही डिग्री कोर्सला आणि फुलटाइम असायला हवं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तसंही फुलटाइम राहावंच लागतं, बॅचलर्सला सेमिस्टरला १२ क्रेडिट, मास्टर्स-पीएचडीला किती ते युनिव्हर्सिटी ठरवते, बऱ्याच ठिकाणी ९ असतात. त्यानंतर प्राधान्यक्रम येतो, आधी मुलंबाळं असलेले, मग नवरा-बायको, मग एकटे ग्रॅज्युएट स्टुडंट असा साधारण क्रम असतो, पण प्रत्येक ठिकाणचा वेगळा, तो पोर्टलवर लिहिलेला असतो तो वाचा. एकट्यांना बरेचदा अख्खं घर न देता बेडरूमप्रमाणे लीज म्हणजे भाडेकरार देतात, म्हणजे रूममेट मध्येच सोडून गेला तरी त्याचं भाडं तुमच्या डोक्यावर येत नाही. पण दोघांनी मिळून एकाच लीजवर सही केली असेल तर एकाने बुडवलेलं भाडं दुसऱ्याकडून वसूल होऊ शकतं. सही करण्याआधी एवढं तरी विचारून घ्याच.

आता कागदपत्रं, आणि इथे आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण आहे ती म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बरेचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, अर्जात मुलं फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात, मग आय-२० वर एक, हाउसिंगच्या रेकॉर्डला दुसरं आणि बँकेत तिसरंच असं होऊन बसतं. पासपोर्टवर जसं आहे अक्षर न अक्षर तसंच सगळीकडे लिहा. नवरा-बायको जाणार असाल तर लग्नाची पत्रिका किंवा फोटो चालत नाहीत, महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि नोंदणी केली नसेल तर लगेच करून घ्या कारण एफ-२ व्हिसालाही (विद्यार्थ्याच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) तेच लागणार आहे. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर घाईघाईत बदलायची गरज नाही, प्रमाणपत्रावर लग्नाआधीचं नाव स्पष्ट असलं म्हणजे झालं. मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत असलेले घ्या.

बाकी लागतं ते म्हणजे ॲडमिशन लेटर, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्कॅन, आय-२० (एफ-२ वाल्यांचा वेगळा निघतो), आणि लसींचा दाखला. लसींचं पान अर्जाला कमी आणि पुढे जास्त लागतं, एमएमआरचे (गोवर-गालगुंड-रुबेलाची लस) दोन डोस आणि टीबीची टेस्ट जवळपास सगळीकडे विचारतात, आणि टेक्सासमध्ये २२ वर्षांखालच्या नवीन विद्यार्थ्याला मेनिंजायटिसची लस कायद्यानेच घ्यावी लागते, सेमिस्टर सुरू व्हायच्या निदान १० दिवस आधी. हे सगळं भारतातच फॅमिली डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यासकट घ्या.

पोर्टलवर अर्ज भरताना घराचा प्रकार, फर्निचरसकट की रिकामं, कधीपासून पाहिजे, रूममेट ठरलाय का, असं विचारतात. शक्य तितके पर्याय निवडा, "फक्त एक बेडरूम" एवढंच टिक केलं तर वाट बघत बसाल. अर्जाची फी सहसा परत मिळत नाही आणि ती डॉलरमध्ये कार्डने जाते, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी चालू करून ठेवा, ऐनवेळी कार्ड डिक्लाइन झालं की जीव खालीवर होतो. मग वेटलिस्ट, आणि मग एक दिवस ऑफरची मेल. या मेलला मुदत फार थोडी असते, काही ठिकाणी दोन-तीनच दिवस, आणि वेळ तिकडची. उन्हाळ्यात शिकागो किंवा ऑस्टिनचे संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेतीन. म्हणजे शुक्रवारी ५ पर्यंत असं लिहिलं असेल तर भारतातल्या शुक्रवारी रात्री झोपण्याआधीच उत्तर द्या. युनिव्हर्सिटीचा ईमेल रोज उघडा, ऑफर तिथेच येते.

आई-बाबांसाठी एक गोष्ट. तुम्ही काळजीपोटी हाउसिंग ऑफिसला मेल कराल, पण १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, त्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या रेकॉर्डबद्दल ऑफिस तुमच्याशी बोलणार नाही. फी तुम्ही भरत असलात तरी. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरूनच लिहायचं.

काँट्रॅक्टवर ई-सही करण्याआधी चार कलमं शोधून वाचा. व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट परत मिळतं का आणि त्यासाठी कोणतं पत्र कधीपर्यंत द्यायचं. लीज १२ महिन्यांची की ९-१० महिन्यांची, कारण छोटी असेल तर उन्हाळ्यात सामान घेऊन बाहेर पडावं लागतं. घर सोडायचं तर नोटीस किती दिवसांची. आणि शिक्षण संपल्यावर किती दिवस राहता येतं, कारण ओपीटीवर (डिग्रीनंतर काम करायची तात्पुरती परवानगी) गेलात की तुम्ही एनरोल्ड विद्यार्थी राहत नाही आणि बऱ्याच ठिकाणी पात्रता तिथेच संपते. सबलेट करायला, म्हणजे आपलं भाड्याचं घर दुसऱ्याला भाड्याने द्यायला, बहुतेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे कुणी अनोळखी माणूस ग्रुपवर "माझं युनिव्हर्सिटी अपार्टमेंट घे, ॲडव्हान्स झेलने (तिकडची खात्यातून खात्यात पैसे पाठवायची सोय) पाठव" म्हणाला तर एक डॉलरही पाठवू नका. युनिव्हर्सिटीचे पैसे युनिव्हर्सिटीच्याच पोर्टलवर भरायचे.

विमानाचं तिकीट लीजची तारीख बघून काढा. आय-२० वरच्या प्रोग्रॅम सुरू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवस अमेरिकेत शिरता येतं, पण चावी मिळते ती लीज सुरू होते त्या दिवशी, ऑफिसच्या वेळेत. शनिवारी रात्री उतरलात तर सोमवारपर्यंतची सोय आधी करून ठेवा, तिथल्या इंडियन स्टुडंट असोसिएशनचे सीनियर्स यात खरंच खूप मदत करतात.

चावी मिळाली की बॅगा उघडू नका, आधी कंडिशन रिपोर्ट भरा. घराची अवस्था लिहायचा हा फॉर्म असतो आणि तो द्यायला सहसा दोन-तीन दिवसच मिळतात. मी आधीच्या घरातून सामान हलवून दमलेलो, "सगळं ठीक" असं टिक करून दिलं. किचनच्या ओट्यावर स्टोव्हच्या उजव्या बाजूला, तव्याच्या बुडाएवढा एक तपकिरी चट्टा होता, आधीच्या कुणीतरी गरम भांडं ठेवलेलं. दोन वर्षांनी घर सोडताना त्याच चट्ट्याचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले आणि तो माझा नाही हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता. म्हणून सांगतो, ओव्हन उघडून आतून, फ्रिजचे ड्रॉवर, खिडकीच्या जाळ्या, पट्ट्यांचे पडदे, कार्पेटचे कोपरे, टबची कड, सगळ्याचे फोटो काढा आणि ते स्वतःला ईमेल करा म्हणजे तारीख राहते. काही राज्यांच्या भाडेकरू कायद्यातून शिक्षणसंस्थेची घरं वगळलेली आहेत, त्यामुळे डिपॉझिट अमुक दिवसांत परत द्यायचं वगैरे नियम तुम्हाला लागू होतीलच असं नाही. अशा वेळी तुमच्या बाजूने उभं राहतं ते काँट्रॅक्ट आणि हे फोटो.

पत्त्याचंही काम लगेच उरका. राहायला गेल्यापासून १० दिवसांच्या आत नवीन पत्ता, अपार्टमेंट नंबरसकट, युनिव्हर्सिटीच्या सिस्टिममध्ये टाकायचा, तो सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) जातो, आणि पुढे घर बदललं तरी परत १० दिवसच. पोस्टपेटीवर स्वतःचं पूर्ण नाव लावा. बँकेचं डेबिट कार्ड आणि सोशल सिक्युरिटी कार्ड पोस्टाने येतं, पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन परत नेऊ शकतो. लीजची कॉपी जपून ठेवा, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी काढताना पत्त्याचा पुरावा म्हणून ती कामी येते.

रोजच्या राहण्यातल्या तीन गोष्टी आपल्या लोकांना हमखास नडतात. बाथरूमच्या फरशीला पाणी जायला भोक नसतं, बादली ओतून धुवायचं नाही आणि शॉवरचा पडदा टबच्या आत सोडायचा, नाहीतर खालच्याच्या छतातून पाणी ठिबकतं आणि बिल तुम्हाला येतं. सिंकमधल्या डिस्पोजलमध्ये (खरकटं बारीक करणारं यंत्र) भात, बटाट्याची सालं, चहाचा चोथा टाकायचा नाही, तुंबतं. आणि फोडणी. मोहरी तडतडून मिरची पडली की स्मोक अलार्म वाजतो, तेव्हा आधी एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडा, मग तेल ठेवा. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा बॅटरी काढणं हा गंभीर नियमभंग आहे, दंड होतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारी लहान मुलं झोपलेली असतात. रेंटर्स इन्शुरन्स काढाच, आग-पाण्यात तुमचं सामान गेलं तर युनिव्हर्सिटीचा विमा ते भरून देत नाही.

बाळंतपणाला आई येणार असेल तर तिकीट काढण्याआधी पाहुण्यांचा नियम बघा. बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर सहसा सहा महिने राहायला मिळतात, पण अपार्टमेंटमध्ये पाहुणा किती दिवस राहू शकतो याला बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते आणि जास्त दिवस ठेवायचं तर लेखी परवानगी लागते. परवानगी मागितली की ऑफिसवाले बरेचदा देतात, न विचारता ठेवलं तर लीजवर बेततं. आणि तब्येतीच्या कारणाने तळमजला किंवा रॅम्प लागणार असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह डिसॅबिलिटी ऑफिसकडे अर्ज करा, तो अर्ज घराच्या अर्जाबरोबरच गेलेला बरा.

घर सोडताना नोटीस पोर्टलवर वेळेत द्या, चावी परत केल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट कुठे पाठवायचं ते लिहून द्या. भारतात परतणार असाल तर चेक मागवू नका, डॉलरचा चेक आपल्याकडच्या बँकेत वटवणं फार जिकिरीचं असतं. डायरेक्ट डिपॉझिट, म्हणजे थेट खात्यात जमा करायला, सांगा आणि पैसे जमा झालेले दिसेपर्यंत अमेरिकेतलं खातं बंद करू नका.