चोरबीटी वाद

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात सरकारी मंजुरी नसलेल्या, तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला ‘चोरबीटी’ म्हणतात. तिच्यावरील बंदीमागचे शास्त्र कितपत भरवशाचे, हा वादाचा गाभा. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले की तण जळते, कपाशी तगते. ऐन पावसात निंदणाला बाया मिळत नसताना बहुतेकांना एवढे कारण पुरते.

जनुकीय पिकांवर निर्णय घेणारी जीईएसी ही समिती पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी चालते. तिने २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या जनुकीय कपाशीला, मंजुरी दिली. एचटीबीटीचा अर्ज मात्र तो करणाऱ्या कंपनीनेच २०१६ मध्ये मागे घेतला. म्हणजे हे वाण तपासून नाकारलेले नाही, निकालच लागलेला नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत ही गोष्ट क्वचितच येते. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने हे बी जाहीरपणे पेरले. पुढे काही शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

शास्त्रज्ञांवरच्या अविश्वासाची मुळे जुनी आहेत. बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बी येई. ते बांधाकडेने पेरायचे, म्हणजे तिथे बीटीला न सरावलेल्या अळ्याही जगतात आणि अळ्यांमध्ये बीटीला सरावलेल्यांचेच राज्य होत नाही, असा त्यामागचा विचार. तो पक्का होता. पण अळीला मुद्दाम खाऊ घालायचे हे कुणाला पटले नाही, समजावायलाही फारसे कुणी आले नाही, आणि पाकिटे बहुधा न पेरताच राहिली. त्यात फरदडीमुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही वेचणीसाठी उभ्या ठेवलेल्या कपाशीमुळे, गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत गेले. २०१७ मध्ये तिने विदर्भातील कपाशीची बोंडे पोखरली, तेव्हा दोष नियम न पाळण्याला कमी आणि ‘शास्त्रज्ञां’ना जास्त मिळाला.

ग्लायफोसेटबद्दल तर शास्त्रीय संस्थांतच दुमत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्ककारक’ ठरवले. त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा धोका संभवत नसल्याचे म्हटले. पहिली संस्था पदार्थाची मूळ घातकता तपासते, दुसरी प्रत्यक्ष संपर्कातून होणारा धोकाही मोजते. त्यामुळे हा विरोध वाटतो तेवढा सरळ नाही. कपाशीतली तुरीची ओळ मात्र फवारा लागला की हमखास जळते. त्याबद्दल दुमत नाही.

भारतात ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिगरपीक जागेपुरतीच आहे. कपाशीवरची मात्रा डब्यावर छापलेली नसते. ती विक्रेता नाहीतर शेजारचा शेतकरी सांगतो.