घोट्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतरचं पुनर्वसन

घोट्याच्या लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या मजबूत पट्ट्याचं, ऑपरेशन झाल्यावर पाय परत चालण्या-पळण्यालायक करायचं जे काही महिन्यांचं काम असतं ते म्हणजे पुनर्वसन, बोलताना सगळे रिहॅबच म्हणतात. ऑपरेशन साधारण तासाभराचं, रिहॅब चार ते सहा महिन्यांचं, आणि पाय शेवटी कसा होणार हे बरंचसं रिहॅबवरच ठरतं.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, त्यातलं पुढचं, म्हणजे अँटिरिअर टॅलोफिब्युलर, सगळ्यात कमजोर, त्यामुळे पाऊल आत वळून पाय मुरगळला की पहिलं तेच ताणलं जातं किंवा फाटतं. बहुतेक मुरगळलेले पाय ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण काहींचा पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, सपाट रस्त्यावरही दगा देतो, आणि नीट व्यायाम करूनही फरक पडत नाही, मग ऑपरेशनचा विषय निघतो. सगळ्यात जास्त चालणारी पद्धत ब्रोस्ट्रॉम-गूल्ड. स्वीडनचे सर्जन लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये सैल पडलेलं मूळ लिगामेंटच शिवून घट्ट करायची पद्धत मांडली, १९८० मध्ये नॅथॅनिअल गूल्ड यांनी त्यावर शेजारच्या पडद्यासारख्या पट्ट्याचा आधार जोडला.

पहिले दोन आठवडे पायाला स्लॅब (अर्धं प्लास्टर) किंवा पूर्ण प्लास्टर, कुबड्या किंवा वॉकर, आणि पाय उशांवर छातीपेक्षा उंच. साधारण दोन आठवड्यांनी टाके काढतात, मग घोटा हलू न देणारा खास बूट घालून हळूहळू वजन टाकायला सुरुवात. आता काही सर्जन आतून मजबूत टेपचा आधार देतात, अशा वेळी पाय लवकर टेकवायला परवानगी मिळते, म्हणून दुसऱ्याचं वेळापत्रक बघून आपलं ठरवू नये, आपल्या सर्जनने सांगितलेलंच धरायचं. पोटरी अचानक दुखायला, सुजायला लागली किंवा दम लागला तर मात्र थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा, रक्ताची गुठळी असू शकते. पावलावरच्या कातडीला बधिरपणा येणं बऱ्यापैकी दिसतं, तिथून जाणारी नस ऑपरेशनच्या जागेजवळच असते.

सहा आठवड्यांपर्यंत एक गोष्ट कटाक्षाने टाळायची, पाऊल खाली आणि आत वळवणं, कारण शिवलेल्या लिगामेंटवर सगळ्यात जास्त ताण याच स्थितीत येतो. आपल्याकडे इथेच गफलत होते, जेवायला किंवा पूजेला मांडी घालून बसलं की पाऊल नेमकं असंच वळतं आणि बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो. म्हणून खुर्चीच बरी. उकिडवं बसणंही घोटा पुरेसा वर वाकायला लागेपर्यंत नको, कमोडची सोय ऑपरेशनच्या आधीच बघून ठेवावी. आणि घरातलं कुणी प्रेमाने तेल लावून चोळायला आलं तर ताज्या शिवणीवर अजिबात चोळू द्यायचं नाही.

सहा आठवड्यांनंतर बूट सुटतो, ब्रेस (घोट्याला आधार देणारा पट्टा) येतो आणि खरं काम सुरू होतं. रबर बँड लावून पाऊल बाहेर ढकलायचं, त्याने पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू तयार होतात, पाय वळायला लागला की तेच त्याला सावरतात. त्याहून महत्त्वाचा तोल. पाऊल कुठे आणि किती वळलंय ही खबर मेंदूला देणाऱ्या तंतूंची टोकं लिगामेंटमध्येही असतात, दुखापतीत तीही बिघडतात, आणि टाके घालून ती परत येत नाहीत. इंग्लंडचे सर्जन फ्रीमन यांनी १९६५ मध्येच हे मांडलं आणि डुगडुगत्या फळीवर उभं राहायचा व्यायाम सुचवला, तो आजही फिजिओ करून घेतात. एका पायावर उभं राहून डोळे मिटले की घोट्याभोवतीचे स्नायूंचे दोर (टेंडन) सारखे थरथरताना जाणवतात, बोटं जमीन पकडायला बघतात, ती थरथर म्हणजेच घोटा सावरायला शिकतोय. सुरुवातीला भिंत हाताशी ठेवावी.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास दुखणं थांबतं, चाल सरळ होते आणि बरेच जण फिजिओकडे जाणं बंद करतात, माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. या टप्प्यावर सरळ रेषेत पळणं नुकतं सुरू होतं, वळणं, उड्या, अचानक थांबणं बाकी असतं. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन यात पाय वाकडा पडतो तो याच हालचालींत. मैदानावर परतायचं ते तारीख बघून नाही, एका पायावरची उडी आणि तोल दुसऱ्या पायाच्या जवळपास बरोबरीला आला का ते बघून. संध्याकाळी थोडी सूज सहा महिने, कधी वर्षभरही येते, तिला घाबरून व्यायाम सोडायची गरज नसते, रात्रभर पाय वर ठेवूनही ती उतरत नसेल तर मात्र दाखवून घ्यावं.