न दुखणारी काळी खपली

बेळगाव जिल्ह्यात धनगरांचे मेंढरांचे कळप आहेत आणि अथणी, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कोल्हापुरी चपलांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जनावर, लोकर किंवा कच्चे कातडे ज्यांच्या रोजच्या हाताखालचे आहे, त्यांना काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्सची जखम ओळखता यायला हवी. माणसांतील अँथ्रॅक्सच्या सुमारे ९५ टक्के घटनांत हा रोग त्वचेवरच प्रकटतो.

या रोगाने मेलेल्या जनावराच्या रक्ताला हवा लागली की त्यातील जिवाणू टणक कवचाचे बीजाणू बनवतात. ते मातीत आणि कातड्यात वर्षानुवर्षे तग धरतात आणि सोलताना पडलेल्या एखाद्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. त्यानंतर साधारण एक ते सात दिवसांत बोटावर, मनगटावर, मानेवर किंवा चेहऱ्यावर डास चावल्यासारखी खाजरी पुळी उठते. एक-दोन दिवसांत तिचा पाणीदार फोड होतो, भोवती बारीक फोडांचे कडे उमटते, मधला भाग खचतो आणि त्यावर कोळशासारखी काळी, घट्ट खपली धरते. खपली जेमतेम एक ते तीन सेंटिमीटरची असली, तरी भोवतालची सूज तिच्या मानाने फारच मोठी असते, कारण जिवाणूचे एक विष पेशींच्या अवतीभवती पाणी साठवते आणि दुसरे पेशी मारते.

गळू ठणकते आणि त्यात पू होतो; ही जखम दुखत नाही आणि पूही धरत नाही. माझ्या मते खरा घात इथेच होतो, कारण न दुखणाऱ्या जखमेसाठी दिवसाची मजुरी बुडवून दवाखाना कोण गाठणार? पावसाळ्यात स्क्रब टायफस या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापामुळेही काळी खपली दिसते, पण ती बहुधा काखेत किंवा जांघेत लपलेली असते, ताप जोराचा असतो आणि अशी पसरट सूज नसते.

फोड टाचणीने फोडू नये, खपली खरवडू नये. अलीकडे एखादे जनावर अचानक मेले होते का, त्याच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले होते का, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. निदानाला त्याची मोठी मदत होते. चेहऱ्यावरची किंवा मानेवरची सूज श्वासमार्ग दाबू शकते, म्हणून तिथे एक दिवसही थांबू नये. उपचाराविना दहा ते वीस टक्के रुग्ण दगावू शकतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर हे प्रमाण एका टक्क्याच्याही खाली येते. मात्र औषध सुरू झाल्यावरही खपली आपल्या क्रमाने काळी पडते आणि एक-दोन आठवड्यांनी गळते. त्यामुळे गुण येत नाही असे समजून गोळ्या मध्येच सोडू नयेत.