केळ्याऐवजी लेट्यूस

केळ्याचं मोल रावेर-यावलच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ओटो टिंकलपॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या माकडांनाही ते चांगलंच ठाऊक होतं. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने माकडाच्या डोळ्यांदेखत कपाखाली केळं ठेवलं आणि मग नजर चुकवून तिथे लेट्यूसचं पान सरकवलं. एरवी हे पान माकड मुकाट्याने खायचं. आता त्याने कप उचलला, पान पाहिलं, पण हात लावला नाही. आजूबाजूला शोधाशोध केली, आणि कधी कधी तर प्रयोग करणाऱ्यांकडे वळून चक्क किंचाळलं.

अमळनेरची माझी भाची फोनवर किंचाळली. किशोरांसाठीच्या एका फँटसी मालिकेचा तिसरा भाग तिने आगाऊ नोंदवला होता. मुखपृष्ठ जाहीर झालं त्याच दिवशी ते तिच्या फोनच्या वॉलपेपरवर गेलं. कोण मरणार यावर मैत्रिणींशी पैजा लागल्या. पुस्तक आलं, तर निम्म्याहून जास्त पानं दरबारातल्या वाटाघाटी. "काहीच मजा नही उनी, मामा." तिच्या धाकट्या भावाने आधीचे भाग उघडलेही नव्हते. त्याने तेच पुस्तक रात्री जागून संपवलं. "भारी शे ना!"

पुस्तक एकच, मग हा फरक कुठून आला? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची स्पंदनं मोजली. फळाचा रस अचानक मिळाला की पेशी जोरात चेतत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच चेतत. रस ठरल्याप्रमाणे आला तर ढिम्म. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी स्पंदनं नेहमीच्या पातळीच्याही खाली जात. या पेशी बक्षीस मोजत नाहीत. अपेक्षा आणि वास्तव यांतली तफावत मोजतात. पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये हे सूत्रात मांडलं. भाचीच्या बाबतीत मुखपृष्ठ हाच दिवा होता, आणि प्रकाशकांना तो लावायची हौस फार. धाकट्यासाठी तो लागलाच नव्हता.

म्हणून "अपेक्षाच ठेवू नये" हा घरोघरचा सल्ला मात्र मला पटत नाही. रॉब रटलेज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये फोनवरच्या एका खेळातून १८,००० हून अधिक लोकांचा क्षणोक्षणीचा आनंद तपासला. एकूण किती गुण कमावले यापेक्षा अपेक्षेहून जास्त मिळालं का, यावर तो ठरत होता. पण निकालाआधीची आशाही आनंद वाढवत होती. पैजांचे ते आठवडे भाचीच्या खात्यात जमाच आहेत.

तिची एक तक्रार मात्र वेगळी, आणि माझ्या मते रास्त. पहिल्या भागात लेखिकेने नियम घातला होता: प्रत्येक जादूमागे करणाऱ्याची एक आठवण कायमची पुसली जाते. तिसऱ्या भागात नायिका अख्खं शहर वाचवते आणि काहीच विसरत नाही. हा दिवा जाहिरातीने नव्हे, कथेनेच लावलेला. त्या पानाच्या समासात भाचीने पेन्सिलने लिहिलंय, "मग किंमत कोणी दिली?" याचं उत्तर डोपामिनकडे नाही, ते लेखिकेनेच द्यायला हवं होतं.