झेनिक्स

झेनिक्स : कार्यालयातल्या लहान संगणकांवर चालणारी युनिक्स या संचालन प्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) एक आवृत्ती. मायक्रोसॉफ्टने एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीकडून युनिक्सच्या सातव्या आवृत्तीचा परवाना घेऊन ती तयार केली आणि ऑगस्ट १९८० मध्ये जाहीर केली. ‘युनिक्स’ हे नाव वापरायची मुभा परवान्यात नव्हती, म्हणून हे निराळे नाव. मायक्रोसॉफ्ट ती किरकोळ ग्राहकांना विकत नसे. टँडी, अल्टॉससारखे यंत्रनिर्माते ती आपापल्या संगणकांवर बसवून देत. आयबीएम पीसीच्या घराण्यात ती १९८३ मध्ये आणली सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीने. लोकांच्या तोंडी ही कंपनी ‘स्को’.

एका यंत्राला चार-आठ टर्मिनले (पडदा आणि कळफलक) जोडायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी काम करायचे, हा झेनिक्सचा खरा उपयोग. एवढ्या कामात ती चोख होती. अडचण सुरू व्हायची ती याच्या पलीकडे काही करायचे म्हटले की.

पहिला अडसर यंत्राचाच. पहिल्या पीसींतल्या ८०८८ प्रोसेसरमध्ये स्मृतीला संरक्षण नव्हते, त्यामुळे एकाचा प्रोग्रॅम भरकटला तर सगळ्यांची कामे अडकू शकत. १९८४ च्या पीसी एटीमधल्या ८०२८६ ने हे संरक्षण दिले, पण स्मृती ६४ किलोबाइटच्या तुकड्यांतच वापरावी लागे. मोठ्या यंत्रांसाठी लिहिलेला युनिक्सचा प्रोग्रॅम आणून सरळ कंपाइल केला (यंत्राच्या भाषेत उतरवला), असे क्वचितच जमे. १९८७ मध्ये ८०३८६ साठीची झेनिक्स आली तेव्हा ही कोंडी फुटली.

प्रोग्रॅमांची टंचाई अधिक जाचक होती. डॉस या पीसीच्या नेहमीच्या प्रणालीवरचे गाजलेले प्रोग्रॅम वेगासाठी थेट पडद्याच्या स्मृतीत लिहीत. तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या टर्मिनलाला अशी स्मृतीच नसते, तिथे एकेक अक्षर पाठवावे लागते. म्हणून ते प्रोग्रॅम झेनिक्सवर आणायचे तर पडद्याचा सगळा भाग नव्याने लिहावा लागे, आणि तेवढे ग्राहक नव्हते. हिशेबासाठी कोबोल भाषेतले प्रोग्रॅम, नोंदींसाठी फॉक्सबेस किंवा इन्फॉर्मिक्स हे डेटाबेस, यांवर बहुतेक कचेऱ्यांचे भागे. शिवाय स्कोच्या झेनिक्सचे तीन भाग वेगवेगळे विकले जात : मूळ प्रणाली, प्रोग्रॅम लिहिण्याची साधने आणि मजकूर सजवण्याची साधने. युनिक्स वापरणाऱ्याने सी भाषेचा कंपायलर घरच्या चुलीसारखा गृहीत धरलेला असतो. इथे त्याचे पैसे वेगळे मोजायचे. छोट्या दुरुस्तीसाठीही विक्रेत्याचा माणूस येईपर्यंत थांबावे लागे, ते यामुळे.

जोडणीची कथा अशीच. टर्मिनले आरएस-२३२ या ठरीव पद्धतीच्या तारेवर बहुधा सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, म्हणजे सुमारे ९६० अक्षरे, अशी चालत. पीसीच्या साध्या सिरियल पोर्टची, म्हणजे या तारेच्या खाचेची, चिप प्रत्येक अक्षरागणिक प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावी. आठ टर्मिनले भरात असली की यंत्राची दमछाक होई आणि येणारी अक्षरे गळूही शकत. उपाय म्हणून स्वतःचा प्रोसेसर असलेली मल्टिपोर्ट कार्डे निघाली, पण त्यांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) झेनिक्सच्या नेमक्या त्याच आवृत्तीचा असावा लागे, आणि तो घालायचा म्हणजे कर्नल (प्रणालीचा गाभा) पुन्हा जोडून यंत्र नव्याने चालू करायचे. दोन यंत्रांना जोडायला सिरियल तारेवरची मायक्नेट होती, टेलिफोनवरून टपाल आणि फाइली पाठवायला यूयूसीपी. टीसीपी/आयपी, म्हणजे संगणकांच्या जाळ्याचे नियम राबवणारे सॉफ्टवेअर, मात्र सोबत येत नसे. ते वेगळे विकत घ्यायचे, आणि तेही मोजक्याच इथरनेट कार्डांवर चाले. युनिक्सच्या जगात, विशेषतः बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तीत, जाळे प्रणालीतच विणलेले असताना कचेरीतल्या युनिक्सला ते जोडपत्रासारखे मिळावे, ही मोठीच उणीव होती. डॉसची यंत्रे एकत्र जोडणाऱ्या नॉव्हेलच्या नेटवेअरने याच काळात कचेऱ्या काबीज केल्या.

भारतात रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणाला वेग आला आणि युनिक्सच्या यंत्रांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. इथे देवनागरीचा प्रश्नही होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान त्यावर चालले. जिस्ट टर्मिनल अक्षरांची जुळणी स्वतः करी. यंत्राकडे फक्त इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेले, संकेत जात. इस्कीत इंग्रजी संकेत जसेच्या तसे ठेवून वरच्या १२८ जागा भारतीय लिप्यांना दिलेल्या आहेत. त्यामुळे आठवा बिट (या वरच्या जागा त्यानेच ओळखता येतात) न छाटणारा कोणताही जुना प्रोग्रॅम मराठी नावे साठवू शके, मुळातून बदल न करता. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. प्रणालीची उणीव प्रणालीला हात न लावता, तारेच्या टोकाशी भरून काढली होती.

१९८७ मध्ये झेनिक्सची मालकी स्कोकडे गेली. पुढच्या वर्षीच्या सिस्टिम फाइव्ह ३.२ या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये एटी अँड टीने झेनिक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय सामावून घेतली, आणि १९८९ पासून स्को युनिक्सने तिची जागा घ्यायला सुरुवात केली. स्कोने झेनिक्सची २.३.४ ही आवृत्ती शेवटची काढली. ८०२८६ साठी कंपाइल केलेले हिशेबाचे प्रोग्रॅम मात्र १९९५ मध्ये आलेल्या स्को ओपनसर्व्हर ५ वरही चालत होते.