‘नवरा-बायकोच्या भांडणात पडाल तर तुम्हीच अडकाल’: खरं काय आहे?

शेजारी मारहाण होत असेल तर फक्त मार खाणाऱ्या बाईलाच तक्रार करता येते, बाहेरच्यानं तोंड उघडलं तर त्याच्यावरच केस होते, असा मेसेज बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पोलीस ठाण्याची भीती कुणाला नसते? म्हणून तो पटतो.

कायदा मात्र उलट सांगतो. 2005चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा काढून कलम 4 वाचा, जेमतेम दोन उपकलमं आहेत. हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं मानायला कारण असेल, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतं. आणि प्रामाणिक हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तोंडी सांगितलं तरी अधिकाऱ्यानं ते लिहून घ्यायचं, सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची, असं 2006च्या नियमांत आहे.

माहिती देणं म्हणजे केस करणं नव्हे, गल्लत इथेच होते. पुढे काय करायचं ते तिला विचारूनच ठरावं, असं मला मनापासून वाटतं.

आरडाओरडा ऐकू आला की गटातल्या दोघीतिघींनी विरजण मागायला म्हणून दार वाजवायचं. दार उघडेपर्यंत उगारलेला हात खाली येऊ शकतो. जिवावर बेतलं असेल तर थेट 112, आणि सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन 181.