लाकडी सोपा (घराला नव्याने जोडलेला)

सातारा-सांगली भागात घराच्या दर्शनी बाजूच्या, खांबांवर उभ्या असलेल्या उतरत्या छपराच्या जागेला सोपा म्हणतात. कोकणातली पडवी आणि इतरत्रची ओसरी ही त्याची जवळची भावंडे. जुन्या घरांत सोपा मूळ बांधकामाचाच भाग असे आणि त्याची लांबी खणांत मोजत. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात चौकाभोवतीचे लाकडी खांब पाहिले की ही पद्धत चटकन कळते. आज मात्र बहुतेक ठिकाणी विटा आणि स्लॅबचे घर आधी उभे राहते आणि सोपा मागाहून जोडला जातो. या नोंदीत त्याच जोडकामाचा विचार आहे, कारण चुका तिथेच होतात.

लाकूड म्हणून सागवान पहिल्या पसंतीचे. घाटाकडच्या तालुक्यांत आईन, किंजळ आणि जांभूळही चालते. लाकूड कोणतेही असो, गाभ्याचेच घ्यावे. बाहेरचा फिकट थर, म्हणजे कच्चे लाकूड, वाळवी आणि बुरशी आधी खातात. उत्तम सागाचा कच्चा थरही टिकत नाही. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान वखारींत मिळते. ते वाळून कधीच स्थिरावलेले असते आणि नव्यापेक्षा बरे ठरते. घेताना हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहावे आणि करवतीला देण्यापूर्वी आतले खिळे काढावेत. कापाईची पावती आणि नव्या सागासाठी वनखात्याचा वाहतूक परवाना जपून ठेवावा.

ओकच्या सोप्यांची छायाचित्रे पाहून तसाच सोपा हवा, अशी मागणी अलीकडे होते. ओकचे झाड सह्याद्रीत नाही. हिमालयातला बांज हा ओकचाच भाऊबंद, पण त्याचे लाकूड इकडे येत नाही. इंग्लंडमध्ये ओक ओला असतानाच कापून जोडतात आणि लाकडाच्याच खुंट्यांनी आवळतात. पुढे काही वर्षांत तो जागेवर वाळतो, चिरतो आणि सांधे आणखी घट्ट होतात. आपल्याकडे येणारा ओक भट्टीत वाळवलेल्या, एक-दोन इंच जाडीच्या फळ्यांचा असतो. त्याचा पाच इंची खांब करायचा तर फळ्या चिकटवाव्या लागतात, आणि सरस पाण्यात टिकणारा नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत त्या सुटतात. पांढरा ओक बाहेर चालतो, लाल ओक नाही. लाल ओकच्या लाकडातल्या बारीक नळ्या उघड्या असल्याने तो पाणी शोषतो. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, म्हणून ओलाव्यात साधा लोखंडी खिळा लागला की भोवती निळे-काळे डाग पडतात. त्याला स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचेच स्क्रू वापरावेत, ओले सिमेंटही लागू देऊ नये. वाळवीपुढे ओक सागाइतका टिकत नाही. बाहेरच्या सोप्याला सागवान आणि घरातल्या फर्निचरला ओक, ही वाटणी योग्य.

मापांचा एक हिशेब उदाहरणादाखल घेऊ: दोन खणांचा, बारा फूट लांब आणि पाच फूट खोल सोपा, मंगलोरी कौलांचा. कौलांना दोन फुटाला एक फूट इतका उतार किमान हवा. तुळईची (खांबांवरच्या आडव्या लाकडाची) वरची बाजू सोप्याच्या जमिनीपासून सात फुटांवर धरली, तर तिराची (भिंतीलगतच्या आडव्या लाकडाची) वरची बाजू साडेनऊ फुटांवर जाते आणि वर वासे व कौलांचे सहा-सात इंच येतात. स्लॅब दहा-साडेदहा फुटांवर असतो, तिथे एवढेच जेमतेम बसते. सात फूट खोल सोप्याचा हट्ट धरला की छप्पर स्लॅबच्या कडेला अडते, मग उतार कमी केला जातो आणि वाऱ्याचा पाऊस कौलांखालून उलटा आत शिरतो. खोली जास्तच हवी असेल तर कौलांखाली पत्रा घालावा. पत्र्याशिवाय उतारात तडजोड नको.

या मापाला पाच बाय पाच इंचाचे तीन खांब, चार बाय सहाची तेरा फूट तुळई, तीन बाय पाचचा बारा फूट तीर, दोन बाय चारचे साडेसात फुटी दहा वासे आणि दोन बाय एकच्या सुमारे शंभर फूट रिपा (कौले टेकायच्या आडव्या पट्ट्या) लागतात. लाकूड साडेबारा घनफूट भरते. कापाईची घट धरून साडेचौदा आणावे. कौले सुमारे १३०, तुटीसह १५०. रिपांमधले अंतर साडेबारा इंच धरतात, पण आलेली कौले प्रत्यक्ष मांडूनच ते ठरवावे, कारण कारखान्यागणिक सूत-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडतो.

पाया ही सांगलीकडची खरी अडचण. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला आणि सोप्याचा मात्र दीड फुटावर थांबलेला असेल, तर दोन्ही वेगवेगळे हलतात आणि वर्षभरात जोडावर बोटभर फट पडते. सोप्याच्या खांबांखालचे खड्डेही मुरमापर्यंतच न्यावेत, मग ते चार फूट जावोत की सहा. साताऱ्याच्या पश्चिमेला मुरूम किंवा जांभा लवकर लागतो. तिथे काळजी पावसाची: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून वळचण दीडऐवजी दोन फूट बाहेर काढावी आणि उतारही वाढवावा. जत-आटपाडीकडे उन्हाने लाकूड चिरते. तिथे ते नीट वाळलेले असणे जास्त महत्त्वाचे.

खांब कधीही जमिनीत पुरू नये, काँक्रीटमध्ये तर नाहीच. काँक्रीट आणि लाकूड यांच्या फटीत पाणी उतरते, बाहेर पडत नाही आणि खांब आतून कुजतो. जुन्या सुतारांनी याचा तोडगा तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीच्या, रूपाने काढून ठेवला आहे. सहा ते नऊ इंच उंच काळ्या दगडाचा तळखडा, वरची बाजू कडांकडे किंचित उतरती. मध्ये सोळा मिलिमीटरची स्टेनलेस सळई बसवून ती खांबाच्या बुडात तीन इंच शिरते. बसवण्यापूर्वी खांबाचे बूड जवसाच्या तेलात रात्रभर उभे ठेवावे. लाकडातल्या उभ्या रेषांच्या तोंडातून तेल वर चढते, तसेच पुढे पाणी चढले असते.

तळखड्याचे दुसरे काम लोक विसरतात. वाळवी उजेडात मातीची नळी बांधूनच वर चढते, आणि काळ्या दगडावर ती पेन्सिलीएवढी तांबूस नळी लांबून दिसते. ती खरवडून औषध मारता येते. पण शोभेसाठी तळखड्याला फरशी किंवा ग्रॅनाइट चिकटवले, की वाळवी फरशीमागून चढते आणि खांब दाबल्यावर बोट आत जाते तेव्हाच कळते. दगड उघडाच ठेवावा.

खांबाच्या डोक्याला काढलेले कुसू, म्हणजे कोरून बारीक केलेले टोक, तुळईच्या भोकात बसते आणि आरपार खुंटीने आवळले जाते. कुसवातले खुंटीचे भोक तुळईतल्या भोकाशी सरळ न पाडता खांद्याच्या (कुसू जिथून सुरू होते त्या पायरीच्या) बाजूला एक सूत सरकवून पाडतात. खुंटी ठोकताना ती कुसू वर ओढते आणि सांधा मिटतो. खुंटी कडक, वाळलेल्या लाकडाची असावी. दोन सूत सरकवले तर ती मोडते. खांब ओळंब्यात आहेत याची खात्री दोन्ही बाजूंनी केल्यावरच खुंट्या ठोकाव्यात.

भिंतीकडचा तीर स्लॅबच्या घरात काँक्रीटच्या बीममध्ये किंवा लिंटेलमध्ये बारा मिलिमीटरच्या, भोकात फुगून धरणाऱ्या अँकर बोल्टने, दर दोन फुटांवर धरतात. विटांच्या भिंतीत आरपार बोल्ट घेऊन आत पट्टी द्यावी. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत फुगणारे बोल्ट धरत नाहीत; तिथे भिंतीलगत आणखी तीन खांब उभे करून सोपा आपल्या पायावर उभा करावा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिलेल्या मुलखात छपराचे ओझे अशा भिंतीवर टाकणे धोक्याचे आहे.

कौले आणि भिंत यांच्या सांध्यावर सिमेंटचा गोला (कोपऱ्यातला गोलसर थर) मारण्याची सवय सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. भिंत तशी हलत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्या गोल्यात केसाएवढी भेग पडते. तिथून पाणी तिराच्या मागे उतरते, गिलाव्याला फुगवटा येतो आणि तीर मागून, न दिसणाऱ्या बाजूने कुजतो. त्याऐवजी भिंतीत एक इंच खोल खाच काढावी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची वरची कड तिच्यात दुमडून बसवावी, पत्रा भिंतीवर सहा इंच आणि कौलांवर चार इंच राहील असा वाकवावा. खाच सीलंटने भरावी. पत्रा कौलांना खिळू नये, तो मोकळा राहिला पाहिजे.

काम दिवाळीनंतर धरून मृगाच्या आत कौले चढवावीत. दरवर्षी मेमध्ये शाकारणी: फुटकी कौले बदलणे, पन्हळीतला पाला काढणे, लाकडाला तेलाचा एक हात. वाई-पाटणकडे वानरांमुळे कौले जास्त फुटतात, म्हणून वीस-पंचवीस कौले शिल्लक ठेवावीत. सांगलीत २०१९ आणि २०२१ सारखा पूर येऊन खांब पाण्यात राहिले, तर गाळ धुऊन लाकूड दोन-तीन महिने नुसते वाळू द्यावे. ओल्यावर रंग चढवला की ओल आतच राहते.

खांबाचे बूड कुजलेच तर अख्खा खांब बदलण्याची गरज नसते. तुळईखाली जॅक लावून वजन उचलावे, कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत, वर आणखी दोन इंच, कापावा आणि जितके कापले तितका उंच तळखडा खाली बसवावा.